काकूंना माहीत नसलेली खानावळ

कऱ्हाडच्या विद्यानगरात कॉलेजला प्रवेश मिळणं एक वेळ सोपं, पण बनुकाकूंच्या घरी खोली मिळणं अवघड. मला दोन्ही मिळालं. पुढे डिग्री झाली, त्यापुढचंही शिक्षण झालं, मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, पण वरच्या मजल्यावरची ती खोली काही सोडली नाही. आटपाडीहून आई फोनवर विचारते, "शिवांजली, त्या खोलीत असं काय ठेवलंय गं?" खोलीत काही नाही. खाली काकू आहेत, आणि त्या आहेत म्हणून या गावात मी आजवर एकही वाईट वडा खाल्लेला नाही.

नवी मुलगी वडिलांबरोबर खोली बघायला आली की काकू दोघांना पोर्चमधल्या झोपाळ्यावर बसवतात. भाडं, पाणी, गेट कधी बंद होतं, हे सगळं दोन वाक्यांत उरकतं. मग चहा येतो आणि खरा विषय निघतो, तो म्हणजे ही पोरगी या गावात खाणार कुठं.

"स्टँडामागचा वडा खायचा, पण सकाळीच," काकू सांगायला लागतात. "दुपारनंतर त्येचं तेल काळं पडतंय, मग फुकट दिला तरी घ्यायचा न्हाई. पुलाजवळच्या मिसळीचा कट चांगला हाय, फरसाण मातूर शिळं. नुसती मटकी आन् कट दे म्हणायचं. त्यो तोंड वाकडं करंल. करू दे. बेकरीत खारी ताजी हाय का म्हणून इचारायचं न्हाई, शिळी हाय म्हणून कोण सांगंल का? हातात घ्यायची आन् मोडायची. आवाज आला तर घ्यायची. आन् कॉलेजच्या गेटसमोर त्यो पिझ्झावाला हाय न्हवं..."

"तो चांगला आहे का?" मुलगी उत्साहानं विचारते.

"माणूस चांगला हाय," काकू म्हणतात. "पिझ्झा खाऊ नको."

मुलीचे वडील एव्हाना मान डोलवायला लागलेले असतात. कॉलेजच्या ऑफिसात त्यांच्या पोरीविषयी कुणी इतकं बारकाईनं बोललेलं नसतं.

काकू माहेरच्या फलटणकडच्या. घरी ऊस, दारात ट्रॅक्टर, आणि जेवणात तीच भाकरी, तीच भाजी. लग्न झालं ते फौजेतल्या लालासाहेबांशी, आणि तिथून त्यांची जीभ हिंडायला लागली. बेळगाव, जालंधर, जबलपूर, जिथं पोस्टिंग तिथं क्वार्टर आणि जिथं क्वार्टर तिथं शेजारीण. एकीकडून छोले शिकल्या, दुसरीकडून इडली. लालासाहेबकाका सुभेदार होऊन रिटायर झाले आणि दोघांनी विद्यानगरात घर बांधलं. काका घरात फारसं बोलत नाहीत. बोलायची सगळी जबाबदारी काकूंनी उचललेली आहे आणि ती त्या आनंदानं पार पाडतात.

काकू हॉटेलात एकट्या जातात. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि ‘फॅमिली रूम’ची पाटी दिसली तरी तिकडं ढुंकूनही बघत नाहीत. बाहेरच बसायचं, आणि तेही स्वयंपाकघराचं दार दिसेल असं. वेटरनं टेबल पुसलं की फडक्याचा वास घेतात. पुलाजवळच्या मिसळवाल्यानं एकदा चिडून विचारलं होतं, "काकी, एवढी खोड काढता, मग येता कशाला?" काकू म्हणाल्या, "वाईट आसतं तर आले नसते. चांगलं हाय म्हणून तर सांगतीया." त्या माणसानं त्या दिवसापासून फरसाण बदललेलं नाही, पण काकू आल्या की गल्ल्यावरून उठून स्वतः वाढायला येतो.

त्यांचा नियम एकच. स्वतः खाल्ल्याशिवाय मत द्यायचं नाही. कुणी म्हणालं की अमुक ठिकाणची बिर्याणी बरी आहे म्हणे, तर काकू विचारणार, "तू खाल्लीस?" नाही म्हटलं की विषय बंद. "ऐकून दिल्यालं मत म्हंजे उष्टं मत," असं त्या म्हणतात. म्हणूनच विद्यानगरात त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्या ज्या खानावळीचं नाव घेतील तिथं मुलींची रांग लागते, आणि ज्या बेकरीकडं बोट दाखवून नाक मुरडतील तिथली बटरं बरण्यांत पडून राहतात.

या अशा बाईंना मागच्या गल्लीतली अक्षताची खानावळ मात्र माहीत नव्हती.

अक्षता सांगलीकडची. नवरा महेंद्र फौजेत, तिकडं काश्मीरला. ती सासूबरोबर, म्हणजे पारूबाईंबरोबर, मागच्या गल्लीत राहते. गेल्या वर्षी तिनं पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून मुलांसाठी मेस सुरू केली. आमच्या गच्चीवरून तिचं दार दिसतं, दुपारी तिची फोडणी आमच्या जिन्यात येते. मी तिथं कित्येकदा जेवले आहे. अक्षताची ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ असते, आणि तिच्या हातचं वांगं खाल्ल्यावर मला आटपाडीची आठवण येत नाही, हे मी आईला सांगितलेलं नाही.

अक्षताच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. चांगला मोठा, रोज पुसलेला. काही पालक पोरीला घेऊन येतात, फोटो बघतात, आणि ‘बघतो, सांगतो’ म्हणून निघून जातात. अक्षताला ते पाठ झालं होतं.

"तेंच्याबद्दल मला काय वाटत न्हाई," ती मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "ती लांबची माणसं. पण तुमच्या काकू आख्ख्या गावातलं खात्यात, आन् माझ्या दारावरनं रोज भाजीला जात्यात. एकदा बी वास आला न्हाई व्हय त्येंना?" मग तव्यावरची भाकरी उलटवून म्हणाली, "दिवाळीनंतर नवी पोरं येत्यात. तवा बी टेबलं रिकामी ऱ्हायली तर बंद करून टाकणार. सासूबाईंना घिऊन जाते महेंद्रच्या मागं."

मी काकूंना विचारलं. म्हटलं, काकू, मागच्या गल्लीतल्या मेसबद्दल तुम्ही मुलींना काहीच का सांगत नाही?

"तिथलं मला म्हाईत न्हाई," काकू म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

मला राग आला. न खाता मत द्यायचं नाही हा नियम चांगलाच आहे, पण न खाण्याची सोय म्हणून तो वापरला की त्याच्यासारखी पळवाट नाही. काकूंच्या घरात कुणी कधी जातीचं वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. त्या पारूबाईंशी रस्त्यात हसून बोलतात, महेंद्रची खुशाली विचारतात. पण आमच्याकडं हसण्याची हद्द वेगळी आणि जेवणाची हद्द वेगळी, आणि ती कुणी आखलीय असं कुणी म्हणत नाही. खाण्यापिण्यातलं सगळं कळणाऱ्या बाईंना एवढंच कळत नव्हतं असं मी मानायला तयार नव्हते.

अशात दिवाळी आली.

आमच्या भागात दिवाळीची नानकटाई घरी भाजत नाहीत आणि विकतही आणत नाहीत. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप सगळं घरून बेकरीत न्यायचं. बेकरीवाला ते मळून, वळून भट्टीत भाजून देतो, आणि बायका आपापला रिकामा डबा घेऊन तिथंच बसून राहतात, कारण आपलं तूप दुसरीच्या पिठात गेलं तर काय घ्या. विद्यानगरात हे काम दादासोंच्या बेकरीत चालतं. काकूंची नानकटाई दरवर्षी दगडासारखी होते. यात दोष दादासोंच्या भट्टीचा, असं काकूंचं मत. तुपाचा दोष असू शकेल असं म्हणायची दादासोंची प्राज्ञा नाही.

यंदा काकू ठरवूनच गेल्या होत्या. मीही बरोबर होते. बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओळीत काकूंच्या मागोमाग नेमका अक्षताचा नंबर आला. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. अक्षतानं तूप घरीच फेटून आणलं होतं, पांढरं आणि लोण्यासारखं हलकं. काकूंनी ते वाकून बघितलं आणि एकही खोड काढली नाही, हे मला जरा विशेष वाटलं.

दोघींचे डबे सारखेच होते. मिलिटरी कॅन्टीनमधल्या तेलाचे चौकोनी डबे, वरचा पत्रा कापून झाकण बसवलेले. फौजी घरात असा डबा नसेल तर ते घर फौजीच नाही. डबे भरायची वेळ आली तेव्हा काकू भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहून दादासोंना आच कमी करायला सांगत होत्या. दादासो घाम पुसत ‘व्हय काकी, व्हय काकी’ म्हणत होते. काकूंची पाठ डब्यांकडं होती. भांडण जिंकून त्या वळल्या, समोरचा डबा उचलला आणि झाकणही न उघडता निघाल्या. मी म्हटलं, बघून घ्या. "माझा डबा मी वळखते," काकू म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी एक नानकटाई तोंडात टाकली. मग दुसरी. मग डोळे मिटून तिसरी.

"बगितलंस?" त्या म्हणाल्या. "आच कमी केल्यावर कशी झाली? इतकी वर्सं त्यो दादासो माझं ऐकत न्हवता."

नानकटाई खरंच अशी झाली होती की दात लावायचं कामच नव्हतं, जिभेवर ठेवली की विरघळत होती. काकूंनी संध्याकाळच्या आत सगळ्या गल्लीत ताटल्या पाठवल्या. पाठवल्या म्हणजे स्वतः घेऊन गेल्या, कारण मत ऐकायचं होतं. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, असली नानकटाई जन्मात खाल्ली नाही. सुट्टीवर निघालेल्या मुलींना पुड्या बांधून दिल्या, फलटणला भावाकडं मोठा पुडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बेकरीत जाऊन चारचौघींत दादासोंना म्हणाल्या, "आता वळखलंस का, कुणाचं ऐकायचं?"

त्याच दुपारी अक्षता डबा घेऊन दारात उभी राहिली.

"काकू, डबा बदललाय," ती म्हणाली.

"कशावरनं?" काकूंनी विचारलं.

"एक खाल्ली. तवाच कळलं, ही माझी न्हवं." अक्षतानं डबा पायरीवर ठेवला. झाकण काढलं. डबा काठोकाठ भरलेला होता, त्यातली एकच कमी होती. "तुमची हाय तशी हाय. माझी द्या."

काकूंचा चेहरा बघवेना. आतल्या डब्यात आता तळाला थोडा चुरा उरला होता. तो जाऊन आणावा की नाही याचा विचार करत त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, अक्षता, वाटून टाकली गं. सगळ्या गल्लीनं खाल्ली.

"सगळ्या गल्लीनं?" अक्षतानं माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं. तिला हसू आलं, आणि ते लगेच गेलं. "खाल्ली तर खाल्ली. खायलाच केल्ती. पण काकू, ज्येंना ज्येंना दिली त्येंना सांगा, ही अक्षताची व्हती म्हणून. मला दुसरं काय नको."

काकूंनी पायरीवरचा डबा उचलला, आत नेला, आणि दार लोटून घेतलं.

त्या दिवशी घरात भांडं आपटल्याचा आवाज नाही, टीव्ही नाही. मी पाणी प्यायला खाली गेले तर काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. काकू ओट्याकडं तोंड करून होत्या.

"रंगुबाईला काय सांगू?" काकू म्हणत होत्या. "ती चूळ भरत बसंल. आन् फलटणला वहिनी? ती मला माहेरचं दार..."

"जबलपूरला तू बाळंतीण व्हतीस," काका म्हणाले. "मी पलटणीसंगं एक्सरसायझला. शेजारच्या क्वार्टरमधल्या बनसोडे वहिनींनी म्हैनाभर तुला करून घातलं. डिंकाचं लाडू, बाजरीची पेज. तवा तुला चव कळली न्हवती का?"

"ती पलटण व्हती."

"आन् हितं काय हाय?"

काकू ओटा पुसायला लागल्या. काका एवढं बोलून बाहेर आले आणि झोपाळ्यावर बसले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

दिवाळी झाली. काकू गल्लीत काही बोलल्या नाहीत. अक्षतानं माझ्याशी त्याबद्दल पुन्हा विषय काढला नाही, पण भाकरी वाढताना एकदा म्हणाली, "रिकामं करायला सोप्पं पडावं म्हणून जास्तीचं पीठ आणलं न्हाई." चारपैकी तीन टेबलं भिंतीला लावून ठेवलेली होती. मी काकूंशी कामापुरतं बोलत होते, आणि ते त्यांना कळत होतं.

हल्ली प्रवेशाच्या फेऱ्या दिवाळीपर्यंत लांबतात, म्हणून नव्या मुली तेव्हाच येतात. लोणंदहून एक मुलगी आली, क्रांती नावाची, बरोबर तिचे वडील. काकूंनी दोघांना झोपाळ्यावर बसवलं. वडा झाला, मिसळ झाली, खारी मोडून झाली. मी पायरीवर बसून ऐकत होते. मग क्रांतीचे वडील म्हणाले, "आवं काकी, ते सगळं नाष्ट्याचं झालं. पोरीच्या दोन टायमाच्या जेवणाचं काय? येताना मागच्या गल्लीत एक मेस दिसली. ती कशी हाय?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही.

"तिथलं मला..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या. चहाची कपबशी खाली ठेवली. मग उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला."

"कुठं?"

"जेवायला. खाल्ल्याबगार कसं सांगू?"

आम्ही चौघं भर दुपारी मागच्या गल्लीत गेलो. रंगुबाई दारात मिरच्या वाळत घालत होत्या, त्यांनी आम्हाला जाताना बघितलं. अक्षता काकूंना दारात बघून उभीच राहिली. काकू आत शिरल्या, खोलीभर नजर फिरवली, आणि नेहमीसारख्या चुलीचा ओटा दिसेल अशा खुर्चीवर बसल्या. पारूबाईंनी टेबल पुसलं. काकूंनी फडक्याचा वास घेतला. मला हसूही आलं आणि रडूही.

ताटं आली. भाकरी, वांगं, आमटी, भात, चटणी. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, उजेडाकडं धरून बघितला, वांग्यात बुडवला. मग दुसरा तुकडा मोडला. क्रांतीचे वडील तर दुसरी भाकरी मागूनही मोकळे झाले. अक्षता ओट्याशी हाताची घडी घालून उभी होती, आणि तिच्या जबड्यावरून कळत होतं की ती दात आवळून आहे. शेवटी काकूंनी आमटीची वाटी तोंडाला लावून संपवली आणि खाली ठेवली.

"भाकरी गावात असली न्हाई," त्या क्रांतीच्या वडिलांना म्हणाल्या. "वांगं झकास. भात जरा मऊ हाय, पोरं बोलत न्हाईत म्हणून चाललंय. आमटीत मीठ कमी."

"मीठ बराबर हाय," अक्षता म्हणाली.

"कमी हाय. चिच जास्त झाल्यावर मीठ वाढवाय लागतंय."

"चिच न्हाईच त्यात. आमसूल हाय."

"मग आमसूल जास्त झालंय," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची मागं सरकवून उठल्या. रंगुबाई एव्हाना दारापर्यंत आलेल्या होत्या, तिखटाचे हात तसेच. काकू त्यांच्याकडं वळल्या. "रंगू, दिवाळीत तुला नानकटाई दिली ती हिची व्हती. डबा बदलला व्हता. माझी ही अशी दगडासारखी झालीया, ती मी अजून भिजवून खातीया. जन्मात असली खाल्ली न्हाई म्हणालीस ते खरं व्हतं." मग क्रांतीच्या वडिलांना म्हणाल्या, "पोरगीला हितं घाला. आमटी सुधारंल."

रंगुबाई आल्या पावली परत गेल्या. त्यांची ताटली आजवर आमच्या घरी परत आलेली नाही, आणि काकूंनी ती मागितलेली नाही.

अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं पदरानं पुसलं आणि सरळ काकूंच्या समोर येऊन उभी राहिली.

"काकू, तुमी माझ्या घरी जेवून मत दिलं," ती म्हणाली. "आता मी तुमच्या घरी कवा यिऊ? मला बी मत हाय."

मला वाटलं, झालं. हॉटेलात जाऊन खाणं वेगळं, आणि आपल्या चुलीपाशी पाट मांडणं वेगळं. काकूंनाही ते वेगळं वाटलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि अक्षतालाही दिसलं. ती हटली नाही.

"उद्या ये," काकू म्हणाल्या. "सासूला बी आण. पोट रिकामं ठिवून या."

दुसऱ्या दिवशी पोर्चमध्ये नाही, हॉलमध्ये नाही, स्वयंपाकघरात चार पाट मांडले. काका, पारूबाई, अक्षता आणि मी. काकू चुलीशी, गरम गरम वाढत होत्या. मटकीची उसळ, मेथी, ठेचा, ताक. त्या प्रत्येक पदार्थ वाढून झाल्यावर जरा थांबून अक्षताच्या तोंडाकडं बघत होत्या. गावातले वडेवाले, मिसळवाले काकूंकडं तसंच बघतात.

अक्षतानं सावकाश जेवण केलं. पाणी प्याली.

"उसळ लय चांगली," ती म्हणाली. "ठेचा माझ्यापेक्षा चांगला. भाकरी जाड हाय."

काकूंचा तव्यावरचा हात थांबला. पारूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात काका घास गिळून म्हणाले, "हे मी लगीन झाल्यापास्नं सांगणार व्हतो."

काकूंनी काकांकडं बघितलं, अक्षताकडं बघितलं. मग परातीतला गोळा उचलला, त्यातला थोडा मोडून बाजूला ठेवला, आणि पुढची भाकरी पातळ थापायला घेतली.